गोऱ्ह्यावाल्या गाईचं दूध

माझा स्वभाव वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. आमच्याकडे गंगा नाही, धाम नदी आहे, आणि उन्हाळ्यात तिच्यात गुडघाभरही पाणी नसतं. म्हणून माझं काही कुठे मिळालं नाही, सगळं जिथल्या तिथे आहे. सासूबाईंना मी माफ केलेलं नाही. एका घरात राहतो, एका कुकरचा भात खातो, त्यांचे पाय दुखले तर तेल गरम करून देते. पण माफ नाही केलं.

वर्ध्याजवळ सिंदी मेघेत आमचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, हुक. बायका साडी घेऊन येतात, उजेडात नेऊन रंग जुळवतात आणि मग बसतातच. दुकानाच्या दाराशी एक प्लास्टिकची खुर्ची आहे, ती सासूबाईंची. त्या खुर्चीवरून माझी कितीतरी वर्षं बदनामी झाली. माझ्याच दुकानात, माझ्याच पंख्याखाली, आणि ऐकणाऱ्या बायकांना चहा मीच करून दिला.

माझी लेक आता आठ वर्षांची आहे. ती फार थोडं बोलते. आत्ताआत्तापर्यंत पाणी, चल, नको, बस एवढंच. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून पलंगाखाली जाते. लेसचं बंडल हातात दिलं की तासन्‌तास उलगडते आणि पुन्हा गुंडाळते, आणि गुंडाळलेलं माझ्यापेक्षा नीट असतं. माझ्या डोळ्यांत बघत नाही, पण झोपताना तिचा पाय माझ्या पायाला लागलेला असावा लागतो. तिच्याबद्दल मला काही तक्रार नाही. माझी तक्रार दुसरीकडे आहे.

ती पोटात राहायच्या आधीच मला थायरॉईड निघाला होता. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली, सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी. दिवस राहिल्यावर त्यांनी गोळी वाढवली आणि मला समोर बसवून सांगितलं, ही चुकवायची नाही. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला स्वतःचा थायरॉईड नसतो, त्याचा मेंदू तुझ्यावरच वाढतो. मी ती गोळी देवासारखी घेतली. उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, डोळे उघडले की आधी गोळी, मग बाकीचं जग.

सासूबाईंना ती गोळी कधीच पटली नाही. "इंग्रजी गोळी गरम असते, बाई. पोटातलं लेकरू भाजते," म्हणायच्या. मी ऐकून घ्यायची आणि गोळी घ्यायची.

दुसरा महिना सरायच्या आत त्या आष्टीला जाऊन आल्या. आष्टी माझं माहेर. मला वाटलं माझ्या आईला भेटायला गेल्या असतील. त्या गेल्या होत्या आठवडी बाजारात. तिथे भाजीच्या ओळीच्या शेवटी एक माणूस पोतं अंथरून बसतो, मुळ्या, साली, पुड्या विकतो. आमच्या लहानपणीपासून बसतो. त्याच्याकडची एक पुडी सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तिचे नियम आहेत. पहिलटकर गाय पाहिजे आणि तिच्याखाली गोऱ्हा पाहिजे, कालवड चालत नाही. त्या गाईच्या दुधात पुडी कालवायची, उगवतीकडे तोंड करून पाटावर बसायचं आणि दात न लावता एका दमात प्यायचं. पिऊन झाल्यावर ऊन अंगावर येईपर्यंत बोलायचं नाही.

"हे पोट थांबवाचं औषध होय," सासूबाई म्हणाल्या.

मी आष्टीची. ते कशाचं औषध आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. गोऱ्ह्यावाल्या गाईचं दूध पोट थांबायला, म्हणजे गर्भ टिकायला, लागत नाही, गोऱ्हा पाहिजे असतो तेव्हा लागतं. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचारून घेते. तर त्यांनी पाट मांडलासुद्धा होता, नवरा बाजूला उभा होता, आणि म्हणाला, "पिऊन टाक ना, आईनं एवढ्या दुरून आणलं." मी प्यायले. दुधाला लोखंडासारखा वास येत होता. तो वास मला अजून ओळखता येतो.

मुलगी झाली. बारशाच्या आधीच खुर्चीवरून निकाल लागला: "हिच्या त्या गोळीनं औषध काटलं."

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी मी सोडून दिलं असतं. मुलगी झाली म्हणून तोंड वाकडं करणाऱ्या बायका काय कमी आहेत, दुकानात रोज येतात. पण लेक अडीच वर्षांची झाली तरी आई म्हणेना, हाक मारली तर वळून बघेना, तेव्हा आम्ही तिला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी, नवरा आणि सासूबाई. लेक सासूबाईंच्या मांडीवर होती, त्यांच्या बांगड्या एक-एक करून सरकवत होती. डॉक्टरांनी खूप वेळ तिच्याशी खेळून पाहिलं आणि मग ऑटिझम हा शब्द आमच्यासमोर ठेवला. मग विचारलं, गरोदरपणात काय काय घेतलं होतं?

मी थायरॉईडची गोळी सांगितली. ते म्हणाले, फार चांगलं केलंत. आणखी काही? गावठी औषध? मुलगा व्हावा म्हणून पुडी वगैरे? इकडे देतात, म्हणून विचारतो.

"नाई जी," सासूबाई लगेच म्हणाल्या. "आमच्या घरी असलं काई चालत नाई."

"देलतं," मी म्हटलं. "दुधात देलतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या पुडीत काय होतं, विचारलं. कोणाला माहीत होतं? ते रागावले नाहीत, शांतपणे समजावून सांगितलं. अशा पुड्यांत काय असतं याचा काही नेम नाही, पोटातल्या बाळाला त्रास होईल असंही असू शकतं, म्हणून कोणीही घेऊ नये. पण तुमच्या मुलीचं हे त्या पुडीमुळेच झालं असंही मी म्हणणार नाही, कारण ते कोणालाच सांगता येणार नाही. एक मात्र पक्कं, थायरॉईडच्या गोळीवर बोट ठेवू नका. ती घेतली नसती तर बाळाच्या मेंदूचं नुकसान झालं असतं. आईने तिचं काम केलेलं आहे.

हे सगळं सासूबाईंनी कानांनी ऐकलं. त्यांना कमी ऐकू येत नाही, तीन घरं पलीकडे दूधवाल्याशी भांडण चाललं तर त्यांना शब्द न्‌ शब्द कळतो. येताना ऑटोत त्या पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मला वाटलं, बाईला लागलं. मला खरंच त्यांची दया आली, हे आठवलं की आता माझाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात समोरच्या घरातली बाई आली, फॉल घ्यायला. सासूबाई खुर्चीवरून तिला म्हणाल्या, "काय सांगू बाई, डॉक्टरच म्हणे, मायनं गोळ्या लय खाल्ल्या. त्यानंच पोट्टीची वाचा गेली."

माझ्या हातात मीटरपट्टी होती. मी म्हटलं, "आई, असं कधी म्हणलं डॉक्टर? उलटं म्हणलं."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "पाहा, मलेच बोलते. मी तं पोट्टीसाठी जीव टाकून राह्यली."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पण बोंब मारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असलं की लोकांना चोर दुसरीकडेच दिसतो. समोरचीने माझ्याकडे बघितलं आणि फॉल न घेताच गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीला माहीत झालं की मी गोळ्या खाऊन माझं लेकरू बिघडवलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना." ह्या जाऊ दे ना वरच आमचा संसार उभा आहे.

मग ती ओटी. समोरचीची सून सातव्या महिन्यात होती, ओटी भरायला सगळी गल्ली जमली. तिच्या हिरव्या साडीवरचा ब्लाउजपीस माझ्याच दुकानातला, मीच नीट रंग बघून दिलेला. माझी पाळी आली, मी ओंजळीत तांदूळ, नारळ घेतला, आणि सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझं मनगट धरलं.

"तू नको वं भरू. तुया हातानं नको."

समोरचीने हसतमुखाने माझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि दुसरीला दिला, जणू मला जड झाला होता. ती पोरगी, पोटुशी, खाली मान घालून पदर पसरून बसली होती, तिने पदर थोडासा आवरून घेतला. माझ्यापासून. मी घरी आले, दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि रडले नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती, रडायला जागाच नव्हती. लेक लेसचं बंडल घेऊन माझ्या पायाशी येऊन बसली. मी तिच्यादेखत शपथ घेतली. मी लोकांना सांगत फिरणार नाही. ज्या तोंडाने हे पसरवलं, त्याच तोंडाने ते परत घ्यायला लावीन. ह्याच खुर्चीवरून आणि समोरचीच्या समोर.

शपथ घेणं सोपं असतं. सासूबाईंचं तोंड कोण उघडणार? मी वर्षानुवर्षं वाट बघितली. त्या देवाला जायच्या, मी वाट बघायची. त्यांची लेक जाम गावात दिलेली, चौकात तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान आहे, ती माहेरी यायची, मी पुऱ्या तळायची आणि वाट बघायची.

गेल्या दिवाळीनंतर नणंद आली ती दुसऱ्यांदा दिवस राहिल्याची बातमी घेऊन. पहिली मुलगीच आहे. मी आतल्या खोलीत फॉल कापत होते, मायलेकी पुढे बसल्या होत्या.

"आई, मले बी ते औषध आणून दे ना," नणंद म्हणाली. "वैनीले देलतं ते. माई सासू लय मागं लागली हाय."

सासूबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तो माणूस मेला म्हणते आता."

दुसऱ्या दिवशी नणंदेने पुन्हा काढलं. "गोऱ्ह्यावाली गाय कुठं भेटते आजकाल," सासूबाई म्हणाल्या. तिसऱ्या वेळी, "तुले कायले पाह्यजे ते, जे होईन ते होईन, पोरगी का वाईट असते?"

माझी कात्री तिथेच थांबली. पोरगी का वाईट असते. हे वाक्य मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा मला पुरतं कळलं की बाई विसरलेली नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या डोक्यात नीट घडी करून ठेवलेलं आहे आणि लेकीच्या वेळी तिने ते बरोबर बाहेर काढलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. सुनेच्या पोटात काय गेलं ते देवाला माहीत, लेकीच्या पोटात जाऊ नये. मला राग तर आलाच, आणि खरं सांगते, आनंदही झाला. तोंड उघडायची किल्ली सापडली होती.

मी बाहेर आले. "ताई, मी आणून देतो. मी आष्टीचीच हाय. आणि गाय बी पाहून ठेवतो."

नणंदेने माझा हात धरला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. "कायले त्रास घेतं," त्या म्हणाल्या.

"त्रास कायचा, आई? तुमी मायासाठी गेलत्या ना."

बाजाराच्या दिवशी मी आष्टीला गेले. माणूस जिवंत होता, तंबाखूचा खर्रा खात बसला होता. मी पुडी घेतली. त्याने नियम सांगितले, मी मान हलवली. परत येताना ती पुडी मी फाडून नालीत सोडली, त्यातलं चिमूटभरही घरी आणलं नाही. मी सूड घेणारी बाई आहे, वेडी नाही. नणंदेच्या पोटातल्या लेकराने माझं काय वाईट केलं होतं? ग्लासात सुंठपूड आणि गूळ टाकला. दूध पाकिटाचं होतं. नणंदेला मात्र काही सांगितलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, लगेच आईला सांगितलं असतं.

आमच्या घराला उगवतीकडे उघडणारं एकच दार आहे, दुकानाचं. समोरचीला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, ताईला औषध द्यायचं आहे, बाजूला एखादी लेकुरवाळी असली तर बरं असतं, येजो. तिला काय, ती सुनेला आणि नातवालाही घेऊन आली. मी शटर वर केलं, पाट मांडला. नणंद डोक्यावरून पदर घेऊन बसली. सासूबाई खुर्चीवर. त्यांनी रात्री जेवण केलं नव्हतं, पोट ठीक नाही म्हणाल्या होत्या.

मी ग्लास आणला आणि नणंदेला दिला नाही. सासूबाईंच्या हातात दिला.

"तुमीच द्या, आई. मले तुमीच देलतं. तुमच्या हाताचा गुण हाय."

त्यांनी ग्लास धरला. माझ्याकडे बघून मानेनेच नको म्हणाल्या, अगदी थोडंसं, समोरचीला दिसणार नाही एवढं. मी दुसरीकडे बघितलं. नणंद म्हणाली, "दे ना आई, ऊन येईन." आणि तिने तोंड वर केलं.

सासूबाईंनी ग्लास अंगणात फेकला. दूध पार समोरचीच्या पायापर्यंत उडालं.

"नाई," त्या म्हणाल्या. "तुले नाई."

"काऊन?" नणंद उठून उभी राहिली. "वैनीले तं देलतं."

"म्हूनच नाई."

बस. ह्या दोन शब्दांसाठी मी एवढी वर्षं थांबले होते. पण मला तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. मी म्हटलं, "म्हूनच म्हणजे काय, आई? जरा जोरानं सांगा. समोरच्या काकूले ऐकू नाई आलं."

त्या खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर उताणे. मी पुन्हा विचारलं. डॉक्टर काय म्हणाले होते? गोळीबद्दल काय म्हणाले होते? मी एकेक विचारत गेले आणि त्या एकेक सांगत गेल्या. डॉक्टरांनी पुडी घेऊ नका म्हटलं होतं. गोळीनं काही झालं नाही म्हटलं होतं. गोळी घेतली ते चांगलंच केलं म्हटलं होतं. शेवटी त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मलाच वाकून ऐकावं लागलं, तरी मी म्हटलं, जोरानं. माझा नवरा आतून आला, म्हणाला, जाऊ दे ना. मी म्हटलं, आज नाही जाऊ देत.

मग मी सांगितलं की ग्लासात सुंठ होती. नणंद खाली बसली आणि रडायला लागली. मग म्हणाली, "वैनी, तू मले काऊन नाई सांगतलं?" तो तिचा हक्क होता, मी तिचं बोलणं ऐकून घेतलं. समोरचीने रॅकवरच्या ब्लाउजपीसकडे बघितलं, हिरव्या खणाकडे. मग म्हणाली, "चहा ठेवतं का वं? मी बी घेतो घोटभर." मी चहा ठेवला. तिच्या सुनेने जाताना नातवाला माझ्या कडेवर दिलं, चप्पल घालेपर्यंत. चप्पल घालायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

कोणी म्हणेल, झालं तुझं समाधान. अर्धं झालं. माझ्या लेकीचं कशाने झालं ते मला आजही माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. सुंठीच्या ग्लासाने ते कळत नाही. ते सासूबाईंनाही कळणार नाही, आणि त्यांना ते आयुष्यभर कळू नये, त्यांनी मरेपर्यंत ‘असं असेल का, तसं असेल का’ करत बसावं, अशी माझी इच्छा आहे. मी इतकी वर्षं तेच करत बसले होते.

आता गंमत ऐका. नणंदेची रक्ताची तपासणी झाली, तर तिलाही थायरॉईड निघाला. तीच गोळी. उपाशीपोटी. ती जामला परत गेली, आणि तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी अंघोळीच्या आधी त्या खुर्चीवर बसून लेकीला फोन लावतात. "गोळी घेतली का माय? चुकवू नको बरं. लेकराच्या डोक्यासाठी असते." हळू आवाजात बोलतात, तोंडाशी हात धरून. मी शटर उघडता उघडता म्हणते, "आई, स्पीकरवर टाका, मले बी ताईची खुशाली कळन." त्या टाकतात.

माझी लेक तिथेच दाराशी बसलेली असते, लेस गुंडाळत. रोज तेच वाक्य, त्याच वेळी, त्याच आवाजात. थेरपीवाल्या मॅडम म्हणतात, अशी मुलं कधी कधी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उचलतात, उचललं तर चांगलं आहे, बोलू द्या. तिने उचललं. आठ वर्षांत तिने म्हटलेलं पहिलं पूर्ण वाक्य आहे ते. दिवसभर म्हणते. भिंतीला म्हणते, मीटरपट्टीला म्हणते, आणि आजी जेवायला बसली की तिच्या ताटासमोर उभी राहून, अगदी आजीच्याच सुरात, विचारते, "गोळी घेतली का माय?"

सासूबाईंचा घास हातातच राहतो. नवरा म्हणतो, तिला तिकडे घेऊन जा ना. मी नेत नाही. लेकीला पहिल्यांदा वाक्य आलं आहे, मी तिला गप्प कशाला करू?